ईसीजीची रेघ स्वच्छ दिसली, आणि तिथेच मी चुकले

इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडची यादी लागली की दरवर्षी ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतो. ‘ताई, बायोमेडिकल इंजिनिअरिंग लागलंय. फ्रीझ (जागा पक्की) करू की पुढच्या राउंडला थांबू?’ मी स्वतः बार्शीहून मुंबईत आले तेव्हा असं विचारायला कुणी नव्हतं. म्हणून फोनवर जे तुटक तुटक सांगते ते एकदा नीट लिहून काढतेय.

पहिलं म्हणजे, बारावीला बायो सोडलं होतं म्हणून घाबरू नका. अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी वाचून, आकृत्या काढून, पाठ करून निघते. पाठ करून निघत नाहीत ते दोन विषय म्हणजे एम-थ्री (तिसऱ्या सेमिस्टरचं गणित) आणि अ‍ॅनालॉग सर्किट्स. मला एम-थ्रीला केटी लागली, म्हणजे विषय राहिला आणि पुन्हा द्यावा लागला. लाप्लास ट्रान्सफॉर्मचा माझ्या ब्रँचशी काय संबंध, आपण तर हृदय, फुप्फुसं, मेंदू शिकायला आलोय, असं मला खरंच वाटायचं. केटीसुद्धा मी आदल्या रात्री लोकल ऑथरचं पुस्तक घोकून सोडवली. सुटली, पण त्याची किंमत तिसऱ्या वर्षी मोजावी लागली, आणि ती माझ्याऐवजी माझ्या रूममेटने मोजली.

तिसऱ्या वर्षाच्या मिनी प्रोजेक्टला आम्ही ईसीजी अ‍ॅम्प्लिफायर घेतला होता. तुमच्यातले निम्मे तरी हाच घेतील. चांगला विषय आहे, घ्या. पण पुढचं सावकाश वाचा.

शरीरावरून येणारा ईसीजीचा सिग्नल जेमतेम 1 मिलिव्होल्टचा. इलेक्ट्रोड आणि कातडी यांच्यामध्ये तयार होणारा डीसी, म्हणजे स्थिर, व्होल्टेज त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. मानकं 300 मिलिव्होल्टपर्यंतचा ऑफसेट गृहीत धरतात. म्हणून पहिल्याच टप्प्यात 1000 चा गेन दिला, म्हणजे सिग्नल हजारपट वाढवला, तर आउटपुट थेट सप्लायला जाऊन चिकटतं आणि स्क्रीनवर सपाट रेघ दिसते. आमच्या दोन संध्याकाळी त्यात गेल्या. लॅबमधल्या असिस्टंट काकांनी सर्किटकडे नुसतं बघून सांगितलं, ‘आधी दहा दे, मग डीसी काढ, मग उरलेला गेन दे.’ एडी 620 या अ‍ॅम्प्लिफायर आयसीला 5.6 किलोओहमचा रेझिस्टर लावला की गेन साधारण 10 होतो. लावला, आणि पहिल्यांदा ठोके दिसले. त्या दिवशी आम्ही लॅबमध्ये अक्षरशः ओरडलो होतो.

पण रेघ स्थिर नव्हती. श्वास घेतला की वर, सोडला की खाली. मिनिटाला 15 श्वास म्हणजे 0.25 हर्ट्झ, तीच लाट ईसीजीवर चढून बसलेली. त्यात हाय-पास फिल्टर (डीसी आणि फार सावकाश बदल अडवणारा) 0.05 हर्ट्झचा, म्हणजे 1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि 3.3 मेगाओहमचा रेझिस्टर. हात जरा हलला की रेघ स्क्रीनबाहेर जायची आणि परत यायला दहा-पंधरा सेकंद लागायची. सबमिशन चार दिवसांवर. एका सिनियरने सांगितलं, ‘तो रेझिस्टर काढ, दीडशे के लाव, लगेच बसेल.’ 150 किलोओहमचा लावला. कटऑफ, म्हणजे ज्याच्या खालचं फिल्टर अडवतो ती सीमा, 1 हर्ट्झच्या जरा वर गेला आणि रेघ दोरी ताणल्यासारखी सरळ झाली. गाइडनी बघितलं, ‘छान’ म्हणाले, जर्नलवर सही केली.

रात्री होस्टेलवर मी रूममेटचा ईसीजी काढला आणि कौतुकाने प्रिंट काढून तिला दिला. ती वेगळ्या ब्रँचची. तिच्या वडिलांची आदल्याच वर्षी अँजिओप्लास्टी झालेली, त्यामुळे रिपोर्ट वाचायची तिला थोडी सवय होती. ती म्हणाली, ‘हे इथे खाली का गेलंय? बाबांच्या रिपोर्टमध्ये असंच होतं.’ क्यूआरएसच्या, म्हणजे प्रत्येक ठोक्याच्या उंच टोकाच्या, नंतरचा सपाट तुकडा, एसटी सेगमेंट, खरोखरच दीड-दोन मिलिमीटर खाली दिसत होता. एसटी डिप्रेशन, म्हणजे हा तुकडा खाली जाणं, हृदयाला रक्त कमी पडत असल्याची खूण असू शकते, एवढं मी फिजिऑलॉजीत पाठ केलेलं होतं. ते खोटं कसं दिसू शकतं, हे मला माहीत नव्हतं. ती रात्र आम्ही दोघींनी जागून काढली. तिने घरी फोनही केला नाही, वडिलांना धक्का बसेल म्हणून.

सकाळी एका हॉस्पिटलमध्ये ईसीजी काढला. पूर्ण नॉर्मल. टेक्निशियननी माझी पट्टी हातात घेतली आणि विचारलं, ‘फिल्टर कितीचा लावलाय?’ मला कटऑफचा आकडासुद्धा चटकन सांगता आला नाही. माझ्या सर्किटमध्ये सगळं सिनियरने सांगितलं तसं होतं.

नेमकं काय झालं होतं ते कागदावर मांडून दाखवते, कारण हे मला कुठल्याच लेक्चरमध्ये असं जोडून सांगितलं गेलं नाही. साधा आरसी हाय-पास फिल्टर सिग्नलमधला डीसी काढतो, म्हणजे सरासरी शून्य करायला बघतो. क्यूआरएस हा वर जाणारा उंच त्रिकोण समजा: उंची 1 मिलिव्होल्ट, पाया 80 मिलिसेकंद. क्षेत्रफळ 0.04 मिलिव्होल्ट-सेकंद. एवढं वर गेलेलं तो फिल्टर लगेच मागून खाली ओढून फेडतो. किती खाली? ढोबळमानाने, जास्तीत जास्त क्षेत्रफळ भागिले टाइम कॉन्स्टंट (रेझिस्टर गुणिले कपॅसिटर). 3.3 मेगाओहम आणि 1 मायक्रोफॅरड म्हणजे 3.3 सेकंद, म्हणून खड्डा जेमतेम 0.012 मिलिव्होल्टचा. कागदावर 1 मिलिव्होल्टला 10 मिलिमीटर, म्हणजे हा खड्डा डोळ्याला दिसतच नाही. आता 150 किलोओहम घ्या. टाइम कॉन्स्टंट 0.15 सेकंद. खड्डा 0.27 मिलिव्होल्ट, पावणेतीन मिलिमीटर! तो हळूहळू भरत जातो, पण एसटी सेगमेंट नेमका त्याच खड्ड्यात येतो. डॉक्टर तिथे एका मिलिमीटरच्या फरकावरही विचारात पडतात. माझ्या फिल्टरने निरोगी मुलीच्या हृदयात आजार काढून दाखवला होता.

टाइम कॉन्स्टंट, स्टेप रिस्पॉन्स, एक्स्पोनेन्शियल. हे सगळं मी केटीच्या आदल्या रात्री घोकलेलं होतं.

यावर कुणी म्हणेल, आयसीयूतला मॉनिटरही 0.5 हर्ट्झचाच फिल्टर लावतो. लावतो, कारण तिथे मुख्यतः ठोके आणि लय बघायची असते, आणि पेशंट हलत असतो. म्हणून मॉनिटर मोड वेगळा, साधारण 0.5 ते 40 हर्ट्झ, आणि डायग्नोस्टिक मोड वेगळा, 0.05 ते 150. नव्या मशीनमध्ये फेज (सिग्नलमधल्या लाटांची आपापसातली वेळ) न बिघडवणारा डिजिटल फिल्टर असेल तर खालचा कटऑफ 0.67 पर्यंत नेलेला चालतो, कारण तो एसटीला असा ओढत नाही. ब्रेडबोर्डवरचा एक कपॅसिटर आणि एक रेझिस्टर म्हणजे तो फिल्टर नव्हे. कटऑफ ठरवण्याआधी एकच प्रश्न विचारा: या रेघेत डॉक्टर काय वाचणार आहे? त्याचं उत्तर माहीत नसताना फिल्टरला हात लावू नका. विजेच्या लाइनची 50 हर्ट्झची गुणगुण आली तरी आधी नॉच फिल्टरकडे (तेवढीच वारंवारता कापणाऱ्या) धावू नका. कातडी स्पिरिटने पुसा, सुकलेले इलेक्ट्रोड फेकून द्या, लीडच्या वायरी एकमेकींत पिळा, उजव्या पायाची ड्रिव्हन राइट लेग जोडणी (गुणगुण दाबायला उलटा सिग्नल शरीराला देणारी) नीट करा. निम्म्याहून जास्त त्रास तिथेच संपतो. आणि माणसाच्या अंगाला इलेक्ट्रोड लावलेले असताना सर्किट बॅटरीवर चालवा, लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवा. यात सूट नाही. हृदयाशी थेट जोडलेल्या उपकरणातून पेशंटकडे जाणाऱ्या लीकेज करंटची मर्यादा नेहमीच्या स्थितीत फक्त 10 मायक्रोअँपियर आहे, यावरून समजून घ्या.

रेडिमेड प्रोजेक्ट विकत घेणाऱ्यांबद्दल माझं मत कडक आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडला सुटे भाग घ्यायला जरूर जा, तिथले दुकानदार पर्यायी आयसीसुद्धा सुचवतात. पण बनवून मिळालेला डबा आणून डेमो दिलात तर वायवा (तोंडी परीक्षा) निघेल, तुम्हाला मात्र काहीच येणार नाही. दुसऱ्या ब्रँचमध्ये हे कदाचित खपत असेल. आपल्याकडे त्या तारेच्या दुसऱ्या टोकाला माणूस असतो.

गाइड निवडताना ‘कोण लवकर सही करतं’ हा निकष लावू नका. मीही तोच लावला होता. जे सर पट्टी हातात घेऊन ‘हे असं का?’ म्हणतात, त्यांच्याकडे जा, त्यांचा स्वभाव तिखट असला तरी. आणि लॅब असिस्टंटना मान द्या. मला सर्किट्स शिकवली ती त्या काकांनी.

नोकऱ्या आहेत का, हा प्रश्न घरून येणारच. कॅम्पसला येणाऱ्या मोठ्या कंपन्या बहुतेक सॉफ्टवेअरच्या असतात आणि ब्रँच बघत नाहीत, तिकडे वळणाऱ्यांना मी दोष देत नाही. आपल्या क्षेत्रात राहायचं तर हॉस्पिटलचा बीएमई (बायोमेडिकल इंजिनिअरिंग) विभाग आहे: प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स, कॅलिब्रेशन, एएमसी-सीएमसीचे (देखभालीचे वार्षिक) करार, रात्री आयसीयूतून येणारा ब्रेकडाउन कॉल. सुरुवातीचा पगार कमी वाटतो, पण दोन वर्षांत जेवढी उपकरणं उघडून बघायला मिळतात तेवढी दुसरीकडे मिळणार नाहीत. सर्व्हिस इंजिनिअर होता येतं, फिरतीची तयारी हवी. 2017 चे मेडिकल डिव्हाइसेस रूल्स आले, आणि एप्रिल 2020 पासून सगळीच उपकरणं औषध कायद्याच्या कक्षेत आली, तेव्हापासून रेग्युलेटरी आणि टेस्टिंगच्या कामाला माणसं लागतात. मी तेच करते. आयएसओ 14971 या उपकरणांच्या धोक्यांविषयीच्या मानकाच्या रिस्क फाइलमध्ये ‘विश्वसनीय दिसणारा पण चुकीचा आउटपुट’ असा धोका लिहिते तेव्हा मला ती होस्टेलची रात्र आठवतेच.

पुढे एम.टेक. करायचं असेल तर त्याच्या प्रवेशाच्या गेट परीक्षेत 2020 पासून बायोमेडिकलचा स्वतंत्र बीएम पेपर आहे. त्याआधीच्या मुलांना इन्स्ट्रुमेंटेशन किंवा इलेक्ट्रॉनिक्सचा द्यावा लागायचा. आयआयटी मद्रास, वेल्लोरचं सीएमसी (ख्रिश्चन मेडिकल कॉलेज) आणि तिरुवनंतपुरमची श्री चित्रा संस्था या तिघांचा क्लिनिकल इंजिनिअरिंगचा एकत्र अभ्यासक्रम आहे, त्यात हॉस्पिटलमध्ये राहून काम करावं लागतं. श्री चित्राने घडवलेली हृदयाची झडप 1990 मध्ये पहिल्यांदा माणसात बसवली गेली. ती कशी तयार झाली, कोणतं मटेरियल का नाकारलं, हे दुसऱ्या वर्षातच वाचा. ब्रँच बदलायचा विचार मनात असेल तर त्याआधी वाचा. मी बदलायचा अर्ज भरला होता, टक्के कमी पडले म्हणून राहिले. आज त्याचं मला वाईट वाटत नाही.

केटी लागली असेल तर रडून घ्या एक दिवस, आणि मग विषय खरंच समजून घ्या. केटीवाल्यांचं काही संपत नाही, माझं संपलं नाही.

आणि इनप्लांट ट्रेनिंगची वाट बघू नका. दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत कॉलेजकडून पत्र घ्या, जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या बीएमई विभागात जा. सकाळी जाऊ नका, ओपीडीची गर्दी असते. दुपारी तीननंतर जा. ईसीजी काढतात तिथे उभं राहायची परवानगी मागा, आणि मशीनवरचा फिल्टर ते केव्हा चालू करतात, केव्हा बंद करतात, तेवढंच पहिल्या दिवशी बघा.