सायकली ट्रेलरच्या मागे टांगू नका
गाडीमागे ओढायच्या, आत झोपायची सोय असलेल्या छोट्या ट्रेलरच्या मागच्या बंपरला सायकल स्टँड लावायचा मोह होतोच, पण तो बंपर बहुतेकदा पातळ पत्र्याचा असतो. शिवाय मागे वजन वाढलं की पुढे ट्रेलर गाडीला जोडणाऱ्या हुकवरचा भार घटतो. तो ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के हवा, नाहीतर वेग घेताच ट्रेलर डावी-उजवीकडे डोलायला लागतो. त्यापेक्षा सायकली गाडीच्या टपावर न्या, किंवा ट्रेलरच्या आत, चाकांच्या बरोबर वर, आडव्या ठेवून बांधा (खाली जुनी चादर हवीच, चेनचं काळं ग्रीस गादीवरून निघत नाही). टपावर नेताना पुढचं चाक फ्रेमला वेगळं बांधा. थोडं अंतर गेल्यावर थांबून पट्टे हाताने ओढून बघा, सुरुवातीलाच ते सैल पडतात.