रिसिव्हर घुमतोय? आधी वायरी बघा

सेलूच्या दाजींनी दिवाळीत जुना रिसिव्हर, म्हणजे टीव्ही-कॅसेटचा आवाज मोठा करून स्पीकरला देणारं मशीन, घेतला आणि त्यांचे फोन सुरू झाले. कधी आवाजच नाही, कधी नुसतं घूंऽऽ, कधी आपोआप बंद. तीनदा परभणीहून गेलो. तिन्ही वेळा मशीन ठणठणीत होतं, चूक जोडणीत होती.

प्लग काढूनच हात घाला. सुरुवातीला दोनच स्पीकर जोडा. वायर अर्धा इंच सोला, तारा पिळून एकजीव करा. लालला लाल, काळ्याला काळी. एकाच स्पीकरची वायर उलटी लागली तरी आवाज येतो, पण खर्ज नाहीसा होतो. अभंगातला पखवाज पोकळ वाटला की हे तपासा. दाजींचं मशीन बंद पडायचं, कारण केसाएवढी एक तार शेजारच्या स्क्रूला टेकली होती. स्पीकरचे ओहमही (विजेला होणाऱ्या विरोधाचं माप) रिसिव्हरच्या मागे लिहिलेल्यापेक्षा कमी नसावेत. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात त्याला बंद कपाटात ठेवू नका, वर विणलेला रुमालही नको. पाच-सहा इंच जागा मोकळी सोडा.

टीव्हीसाठी एचडीएमआयची वायर टीव्हीच्या एआरसी (टीव्हीचा आवाज त्याच वायरीतून रिसिव्हरकडे पाठवणारी सोय) लिहिलेल्याच खाचेत आणि रिसिव्हरच्या ‘आउट’मध्ये लावा. मग टीव्हीत सीईसी, म्हणजे जोडलेल्या मशीननी एकमेकांना हुकूम देण्याची सोय, चालू करा. सॅमसंगमध्ये ते ॲनिनेट प्लस, एलजीत सिंपलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक या नावानं सापडेल. तरी शांतता असेल तर टीव्हीचा डिजिटल आवाज ‘पीसीएम’ या साध्या फॉरमॅटवर ठेवा, जुन्या रिसिव्हरला नवे फॉरमॅट कळत नाहीत.

कॅसेट डेकच्या लाल-पांढऱ्या वायरी ‘टेप’ किंवा ‘ऑक्स’ला लावा. ‘फोनो’ला नाही. ती जागा रेकॉर्ड प्लेअरच्या बारीक सिग्नलसाठी असते, डेक तिथं लावला की आवाज फाटतो.

आता घूंऽऽ. यात माझे दोन दिवस गेले. आवाज शून्यावर नेऊनही घुमत असेल तर दोष रिसिव्हरच्या आत. वाढवल्यावर घुमत असेल तर मागच्या सगळ्या वायरी काढा आणि एकेक परत लावा. जी लावल्यावर आवाज सुरू होईल ती वाट धरा. दाजींकडे ती टीव्हीची निघाली. सेटटॉप बॉक्सची छतावरून आलेली केबल काढली की एकदम शांत. अशा वेळी टीव्ही ऑप्टिकल वायरनं जोडा. तिच्यातून वीज नाही, प्रकाश जातो, त्यामुळे ती गुणगुण पुढे येत नाही. टोकाची प्लास्टिकची टोपी मात्र काढा.

मग मी अर्थिंग बघितलं. टीव्हीच्या मागच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येत होत्या. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि वीज जमिनीत उतरत नाही. दाजींच्या खड्ड्यात वर्षभर पाण्याचा थेंब नव्हता. दोन बादल्या ओतल्या, झिणझिण्या गेल्या. ओतूनही राहिल्या तर वायरमनला बोलवा, खड्ड्यात मीठ-कोळसा नव्यानं भरून तपासून घ्या. घुमणं थांबावं म्हणून प्लगची वरची जाड पिन कुणी कापायला सांगितली तर अजिबात ऐकू नका. ती पिन घरातल्या माणसांच्या जिवासाठी आहे.

दोष आतलाच असेल तर झाकण स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते. ते काम कारागिराकडे न्या.