चुकीची उत्तरं एआयकडून नीट कशी लिहून घ्यायची

तासाच्या शेवटच्या पाच मिनिटांत घेतलेला एकच बहुपर्यायी प्रश्न वर्गाचं घोडं कुठे अडलंय ते दाखवू शकतो. त्यासाठी त्याचे चुकीचे पर्याय मात्र कसदार लागतात, आणि प्रश्न लिहून देणारा चॅटजीपीटीसारखा एआय चॅटबॉट नेमका तिथेच कच्चा पडतो. ‘दशांश अपूर्णांकांवर दहा प्रश्न दे’ एवढंच सांगितलं, तर अर्ध्या मिनिटात दहा प्रश्न हजर होतात, पण २.५ + १.२ च्या खाली ३.७, ४५ आणि १०० असे पर्याय असतात. हा प्रश्न दशांश न येणारं मूलही अंदाजाने सोडवतं.

आधी वह्या, मग चॅटबॉट

नुकत्याच तपासलेल्या वह्या काढा. तीच चूक तीन-चार वह्यांत दिसली, की एका ओळीत नोंद करा: मूल काय करतं आणि त्यामुळे उत्तर काय येतं. ‘दशांशात गोंधळ’ ही नोंद काही कामाची नाही. कामाची नोंद अशी असते:

चूक १: दशांश चिन्हापुढचे अंक पूर्ण संख्येसारखे वाचतात. ४५ हे ५ पेक्षा मोठे, म्हणून ०.४५ हे ०.५ पेक्षा मोठं.

चूक २: दशांश हा शतांशापेक्षा मोठा, एवढंच डोक्यात राहिलेलं असतं. म्हणून कमी अंकांची संख्या नेहमी मोठी, ०.३ हे ०.३५ पेक्षा मोठं.

आता हा नेहमीचा प्रश्न बघा: ०.५, ०.४५, ०.४०५ यांतली सर्वांत मोठी संख्या कोणती? चूक १ करणारं मूल ०.४०५ म्हणतं आणि सापडतं. चूक २ करणारं मूल ०.५ म्हणतं, आणि त्याला पूर्ण गुण मिळतात! चुकीच्या रीतीने बरोबर उत्तर निघत असेल, तर तो प्रश्न टाकून द्यायचा. त्याऐवजी ०.३, ०.३५, ०.३०५ घ्या. आता ०.३०५ म्हणणारी मुलं चूक १ ची, ०.३ म्हणणारी चूक २ ची, आणि ०.३५ म्हणणारी या दोन्हींतून सुटलेली. तीन पर्याय पुरतात. चौथा निव्वळ भरतीचा असेल तर तो वाचण्यात मुलांचा वेळ जातो, बाकी काही नाही.

चॅटबॉटला काय सांगायचं

हा मजकूर घटक बदलून तसाच वापरता येईल:

‘सहावीच्या मुलांसाठी दशांश अपूर्णांकांची तुलना या घटकावर ५ बहुपर्यायी प्रश्न कर. प्रत्येकी ३ पर्याय. मुलं दोन प्रकारे चुकतात: (इथे चूक १ आणि चूक २ जशाच्या तशा लिहा). प्रत्येक प्रश्नात एक पर्याय पहिल्या चुकीतून आणि एक दुसऱ्या चुकीतून आलेला हवा. यांपैकी कोणत्याही चुकीच्या रीतीने बरोबर उत्तर निघता कामा नये. प्रत्येक प्रश्न आधी पायरीपायरीने सोडव, मग उत्तर लिही. शेवटी तक्ता दे: बरोबर पर्याय कोणता, आणि कोणता पर्याय कोणत्या चुकीचा.’

‘आधी सोडव’ हे शब्द गाळू नका. चॅटबॉट पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज बांधत लिहीत जातो. उत्तर आधी लिहून बसला, की पुढचं स्पष्टीकरण त्या उत्तराला जुळवून घेतो, मग ते चूक का असेना. पाचांतले दोन प्रश्न हाती लागले तरी काम भागलं, कारण एका तासाला एकच लागतो.

तपासणी

उत्तरसूची झाकून प्रत्येक प्रश्न स्वतः सोडवा. मग दोन्ही चुका मुद्दाम करून पुन्हा दोनदा सोडवा. तिन्ही वेळा वेगळा पर्याय आला पाहिजे. चॅटबॉटलाच ‘हे बरोबर आहे ना?’ विचारण्यात अर्थ नाही. जरा शंका दाखवली की तो बरोबर उत्तरही बदलून देतो. दुसरं मत हवंच असेल, तर नवं संभाषण उघडा आणि उत्तर न देता फक्त प्रश्न घाला.

पर्यायांची लांबीही बघा. विज्ञान, इतिहासाच्या प्रश्नांत बरोबर पर्याय बहुतेक वेळा सर्वांत लांब आणि जपून लिहिलेला असतो. चाणाक्ष मुलांच्या हे चार प्रश्नांतच लक्षात येतं. उत्तराची जागाही स्वतः बदला. चॅटबॉटवर सोडलं तर बरोबर उत्तर पुन्हा पुन्हा मधल्याच पर्यायावर येऊ शकतं.

मराठीत काम करताना खरी डोकेदुखी परिभाषेची. हिंदी शब्द नकळत घुसतात. परिमितीऐवजी ‘परिमाप’, काटकोनाऐवजी ‘समकोण’ आला तर निदान खटकतो तरी. ‘क्षार’ मात्र खटकतही नाही. मराठी पाठ्यपुस्तकात आम्ल आणि आम्लारी यांच्या अभिक्रियेतून क्षार आणि पाणी तयार होतं. हिंदीत क्षार म्हणजे अल्कली (पाण्यात विरघळणारा आम्लारी पदार्थ), आणि आपल्या क्षाराला तिथे लवण म्हणतात. त्यामुळे ‘क्षार लाल लिटमस निळा करतो’ असं वाक्य सफाईदार मराठीत येतं आणि चुकीचं शिकवून जातं. उपाय सोपा आहे: धड्यातल्या आठ-दहा संज्ञा सूचनेतच द्या आणि ‘हेच शब्द वापर’ असं लिहा.

आकृती चॅटबॉटकडून काढून घेऊ नका. कोन ६० अंशांचा लिहिलेला आणि दिसायला ८० चा, असले प्रकार होतात. भूमितीसाठी जिओजेब्रा हे अचूक आकृत्या काढणारं सॉफ्टवेअर वापरा, नाहीतर सरळ फळ्यावर काढा.

वर्गात

प्रश्न फळ्यावर किंवा प्रोजेक्टरवर दाखवा. चाळीस-पन्नास सेकंद पूर्ण शांतता, मग सगळ्यांनी एकदम उत्तर दाखवायचं. हात वर करायला लावलं की हुशार समजल्या जाणाऱ्या मुलांकडे बघून बाकीचे हात वर जातात आणि सगळी मेहनत पाण्यात. उपकरणं नसतील तर छातीजवळ धरलेली बोटं चालतात: एक, दोन किंवा तीन. शिक्षकाकडे एक फोन असेल तर प्लिकर्सची कार्डं छान. प्रत्येक मुलाला वेगळ्या नक्षीचं छापील कार्ड मिळतं, ते कोणत्या बाजूने धरलं त्यावरून उत्तर ठरतं, आणि शिक्षक फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवतो. कार्ड वाचलं जात नसेल तर आधी बोटं बघा. नक्षीवर बोट आलं की कॅमेरा अडतो. चकचकीत लॅमिनेशनही करू नका, खिडकीचा उजेड त्यावर चमकतो.

पुढे काय करायचं, याची एक सोयीची पद्धत हार्वर्डमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मेझर यांनी १९९० च्या दशकात रूढ केली. साधारण ७० टक्क्यांहून जास्त उत्तरं बरोबर असतील तर थोडक्यात खुलासा करून पुढे जायचं. ३० ते ७० टक्क्यांच्या मध्ये असतील तर उत्तर न सांगता वेगळं उत्तर असलेल्या शेजाऱ्याशी दोन मिनिटं बोलू द्यायचं आणि पुन्हा उत्तरं घ्यायची. ३० च्या खाली असतील तर भाग पुन्हा शिकवायचा, पण दुसऱ्या रीतीने. दशांशासाठी शंभर चौकटींची जाळी रंगवणं उपयोगी पडतं: ०.३ म्हणजे ३० चौकटी, ०.३५ म्हणजे ३५. चूक २ इथे डोळ्यांनाच दिसते.

निकाल चॅटबॉटला द्यायचे झाले तर नुसते आकडे द्या: ‘अ १४, ब १९, क ७’. मुलांची नावं, हजेरी क्रमांक, वहीचे फोटो यांतलं काहीही नको. चॅटबॉट मुलांच्या हातीही देऊ नका. वर्गात अशी साधनं स्वतंत्रपणे वापरण्यासाठी किमान १३ वर्षं वय असावं, असं युनेस्कोच्या २०२३ च्या मार्गदर्शिकेत सुचवलं आहे, आणि सहावीची बहुतेक मुलं त्याहून लहान असतात.

प्रश्न जपून ठेवताना प्रत्येक पर्यायासमोर किती मुलांनी तो निवडला हे लिहा. दोन तुकड्यांत एकानेही न निवडलेला पर्याय काढून टाका आणि त्या जागी ताज्या वह्यांतली चूक घाला.