तंबाखू सोडताना निश्चयावर किती भार टाकावा

तंबाखू सोडण्याचा संकल्प आपल्याकडे पाडव्याला किंवा पंढरीहून परतल्यावर होतो आणि बहुधा दुपारच्या जेवणानंतर मोडतो. मोडला की माणूस म्हणतो, "आपल्यात निग्रहच नाही." हे निदान मला चुकीचे वाटते. इच्छाशक्ती वापरून संपते, असे १९९८ मध्ये रॉय बाउमायस्टर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने प्रयोगांवरून मांडले होते. परंतु २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून तशी चाचणी घेतली तेव्हा तो परिणाम जवळजवळ दिसलाच नाही. तेव्हा निश्चय किती शिल्लक आहे हे मोजत बसण्यापेक्षा तलफेच्या घटकेची तयारी आधी करावी.

सोडण्यापूर्वी तीन दिवस प्रत्येक बार कधी, कुठे आणि कोणासोबत भरला, हे खिशातल्या वहीत लिहावे. माझ्या वहीत जेवणानंतरची वेळ, एसटीची वाट पाहणे आणि कोणीतरी समोर तंबाखू मळायला घेणे, या तीनच जागा पुन्हा पुन्हा आल्या. लढाई दिवसभराची नसून तीन ठिकाणांची आहे, हे कळल्यानेच मला अर्धा धीर आला.

त्यानंतर घरातील व खिशातील सर्व साहित्य काढून टाकावे, आणि त्यात चुन्याची डबीही आली. मी पुडी फेकली; डबी मात्र ठेवली, कारण बांधावर भेटणारा कोणी ना कोणी चुना मागतोच आणि नाही म्हणणे बरे दिसत नाही. सातव्या दिवशी एकाने चुना घेतला, मळून झाल्यावर सवयीने तळहात माझ्यापुढे केला, आणि मी चिमूट उचलल्याचे मला ती ओठाखाली गेल्यावरच समजले. टपरीवरचे उधारीचे खातेही त्याच दिवशी मिटवावे.

वहीतील प्रत्येक जागेसाठी एक ठरलेली कृती वाक्यात लिहून ठेवावी. 'जेवण झाले की मी ताट उचलीन, चूळ भरीन आणि बडीशेप तोंडात टाकून गोठ्यापर्यंत जाऊन येईन,' इतके नेमके ते वाक्य हवे. 'तंबाखू खाणार नाही' हे पुरेसे नाही. अशा 'जर-तर' आखणीचा अभ्यास जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्वित्झर यांनी केला असून, वेळ आल्यावर विचार करावा लागू नये हेच तिचे मर्म आहे. तलफेचा जोर सहसा काही मिनिटांत ओसरतो. तेवढ्यात गोठा गाठून होतो. बडीशेपेऐवजी सुपारी मात्र धरू नये, कारण तीही कर्करोगकारक आहे आणि तिचेही व्यसन लागते.

चारचौघांत सांगून टाकण्याचा उपाय आपल्याला वारकऱ्यांनी केव्हाच दाखवला आहे. गळ्यात तुळशीची माळ असलेल्याला मटणाचा आग्रह कोणी करत नाही. त्याच्या तोंडाआधी माळच नकार देते. माळ घालावीच असे नाही, पण ज्यांच्याबरोबर बार भरला जातो त्यांना आधी सांगावे. सोयाबीन काढणीच्या धांदलीत मात्र सुरुवात करू नये.

पहिले तीन-चार दिवस चिडचिड होते, झोप मोडते. तीन-चार आठवड्यांत हा त्रास बहुतेकांचा निवळतो. नवी सवय अंगवळणी पडण्यास लंडनमधील ९६ जणांच्या एका अभ्यासात सरासरी ६६ दिवस लागले, आणि एखादा दिवस चुकल्याने घडी फारशी विस्कटली नाही. हा दिलासा बडीशेपेच्या सवयीला घ्यावा, तंबाखूच्या चिमटीला नव्हे.

एवढे करूनही जमत नसेल, तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय निःशुल्क क्रमांकावर समुपदेशन मिळते. फोन करताना ती वही जवळ ठेवावी, कारण उठल्यानंतर किती वेळात पहिला बार लागतो, यावरून व्यसनाची तीव्रता जोखली जाते.