सरपंचाची सही: अधिकार निर्भयपणे आणि सचोटीने कसा वापरावा

सरपंचपदाचा कार्यभार हाती आला की सर्वप्रथम आपल्या डिजिटल सहीचे डोंगल (संगणकाला जोडायचे पेनड्राइव्हसारखे साधन) कोणाकडे आहे, ते पाहावे. वित्त आयोगाच्या निधीतील देयक अदा होण्यासाठी ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) आणि सरपंच या दोघांची सही लागते. तरीही अनेक गावांत हे डोंगल पासवर्डच्या चिठ्ठीसकट संगणक परिचालकाच्या कपाटात पडून असते. महाराष्ट्रात पंचायतींमध्ये महिलांसाठी ५० टक्के आरक्षण आहे, पण निवडून आलेल्या बाईंचे डोंगल यजमानांच्या खिशात असेल, तर कागदोपत्री जबाबदारी बाईंची आणि कारभार दुसऱ्याचा, अशी स्थिती होते. ते आजच मागून घ्यावे आणि पासवर्ड बदलावा.

खरी कसोटी पहिल्या बिलाला लागते. गटाराचे किंवा रस्त्याचे बिल आले की अंदाजपत्रकाची प्रत आणि मोजमाप पुस्तिका मागवावी, टेप घेऊन दोन सदस्यांसह प्रत्यक्ष जागेवर जावे आणि लांबी, रुंदी व काँक्रीटची जाडी तिथेच लिहून घ्यावी. मोजमापात तफावत आढळली आणि ठेकेदार पॅनेलप्रमुखांचाच माणूस निघाला, तर "नंतर बघू" म्हणून वेळ मारून नेण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण तोंडी नकार दबावाखाली दुसऱ्या दिवशी होकारात बदलतो. आढळलेली तफावत नमूद करून फेरमोजणीचे पत्र गटविकास अधिकाऱ्यांना द्यावे, पोच घ्यावी आणि मासिक सभेच्या इतिवृत्तात त्याची नोंद करावी. कागदावर आलेला नकार मागे घ्यायचा झाल्यास कारणही कागदावरच द्यावे लागते आणि ते देण्याची तयारी सहसा कोणाची नसते.

असा नकार देणाऱ्याचे स्वतःचे घर मात्र स्वच्छ हवे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ नुसार पंचायतीच्या कामात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असल्यास, तसेच सरकारी जागेवर अतिक्रमण केल्यास सदस्यत्व जाऊ शकते. त्यामुळे दुसऱ्याच्या ओट्याला नोटीस देण्यापूर्वी आपल्या घराचा नमुना ८ चा (कर आकारणी नोंदवहीचा) उतारा आणि प्रत्यक्ष बांधकाम ताडून पाहावे. घरपट्टीची थकबाकीही आधी भरावी.

रूढी, पाणी किंवा दारू यांसारखा गावाच्या भावनेला हात घालणारा विषय एकट्याच्या अधिकारात रेटू नये. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर गावांपुढे तो आदर्श म्हणून ठेवला. तो ग्रामसभेत संमत झाला होता, म्हणूनच त्याला वजन आले. असा विषय आधी महिला सभेत आणावा. ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल ती आहे. तरी तेवढ्यावर समाधान मानू नये. विरोधकाला पूर्ण बोलू द्यावे, त्याचा आक्षेप त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावा आणि मगच मत घ्यावे.

हे सर्व करूनही अविश्वास ठराव येऊ शकतो. आल्यास सदस्यांच्या घरी खेपा घालण्यात आणि सहली घडवण्यात दिवस दवडू नयेत. फेरमोजणीची पत्रे, पोचपावत्या आणि इतिवृत्ताच्या प्रती तारखेनुसार लावून सभेत वाचून दाखवाव्यात, आणि पद जाणारच असेल तर ती संचिका दप्तराच्या यादीत नोंदवून पुढच्या सरपंचाकडे सोपवावी.