जुन्या काचेचं आधी बूड बघा

आमचं बांगड्यांचं दुकान. सासरे फिरोजाबादला माल आणायला जायचे, तेव्हा बांगड्यांच्या पेट्यांमधून कधी एखादा रंगीत पेला यायचा, कधी फुलदाणी. आमच्या शोकेसची सुरुवात तिथून झाली. म्हणून सोलापुरात कुणाला जुन्या काचेचा नाद लागला की तो माझ्याकडे येतो आणि पहिलं विचारतो, "वहिनी, बेल्जियमची मिळेल का?"

ते आधी डोक्यातून काढा. विकणाऱ्याच्या तोंडी जाड, नक्षीदार अशी प्रत्येक वस्तू बेल्जियमचीच असते. खरी विलायती काच, म्हणजे इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमच्या ऑस्लर कंपनीची झुंबरं, संस्थानिकांच्या महालांत गेली, भंगाराच्या गाड्यावर ती येत नसतात. आपल्या आवाक्यातली आणि मला विचाराल तर जास्त मजेची काच इथलीच आहे. अंताजी दामोदर काळे यांच्या, लोकांकडून पैसा-पैसा जमवलेल्या पैसा फंडातून 1908 साली तळेगावला काच कारखाना उभा राहिला. 1916 साली कराडजवळ ओगल्यांचा कारखाना निघाला, प्रभाकर कंदील त्यांचाच. फिरोजाबाद तर काचेचं माहेरघर. या मालाला इथं अजून फारसं कुणी विचारत नाही, तोवर घेऊन ठेवावा.

शोधायचं कुठं? पूर्व भागातल्या भंगाराच्या दुकानांत चक्कर टाका, पण खरा माल जुन्या घरांतून निघतो. शुक्रवार पेठेत, बाळीवेशीत एखादा वाडा पाडायला काढला की माळ्यावरची खोकी खाली येतात. छताला टांगायच्या दिव्याच्या काचेच्या हंड्या, कंदिलाच्या चिमण्या, अत्तराच्या कुप्या, गोटी सोड्याच्या बाटल्या, सगळं एकत्र. घरच्यांशी आधीच बोलून ठेवा. एकदा भंगारवाला आला की काच किलोवर जाते. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतल्या स्टॉलवरचा माल छान दिसतो, पण तो नवा. नवा म्हणूनच घ्यायचा आणि नव्याच्याच भावात.

आता वस्तू हातात आली. विक्रेता सांगत असतो, "ताई, शंभर वर्षांची आहे बगा." सांगू दे. आपण म्हणायचं, "मामा, जरा पालथी करते."

बुडाला सगळं कळतं. वर्षानुवर्षं फळीवर सरकलेल्या भांड्याच्या बुडाशी, जिथं ते टेकतं तेवढ्याच कडेवर, बारीक ओरखडे असतात. कुठं दाट, कुठं विरळ, सगळ्या दिशांना. सगळे ओरखडे एकाच दिशेला आणि सारखे असले तर कुणीतरी पॉलिश पेपर फिरवलाय. बुडाच्या मध्यावर खडबडीत व्रण किंवा घासून गुळगुळीत केलेली खळी असली, तर भांडं बहुधा फुंकून केलेलं. अंगावरून वरपासून खाली शिवण लागली तर साच्यातलं. साच्यातलं म्हणजे हलक्या दर्जाचं, असं समजू नका. फिरोजाबादच्या जैन ग्लास वर्क्सचे साच्यातले पेले परदेशातले लोक हौसेनं जमवतात. त्यातल्या काहींच्या बुडात इंग्रजीत ‘जैन’ अशी उठावाची अक्षरं सापडतात. पाण्यावर पेट्रोल सांडल्यावर दिसतात तसे रंग त्यांच्या अंगावर खेळतात. काचेच्याच हाताच्या पंजात धरल्यासारखी घडवलेली त्यांची फुलदाणी मिळाली तर फार घासाघीस करत बसू नका. काचेतले बुडबुडे मात्र वयाचा पुरावा नव्हेत, आजही बुडबुड्यांची काच मुद्दाम करतात.

रंग काचेतच आहे की वरून मारलाय, हे बघायला नेलपॉलिश रिमूव्हरचा कापूस बुडाशी, न दिसणाऱ्या जागी, हलकेच फिरवा. कापसाला रंग लागला तर वस्तू घेऊ नका, परत ठेवून द्या. पिवळट-हिरव्या काचेवर अंधारात अतिनील (यूव्ही) टॉर्च मारा. झगझगीत हिरवी पेटली तर त्यात युरेनियम आहे. शोकेसमध्ये ठेवायला भीती नाही, रोज त्यातून खाऊपिऊ मात्र नका. जड, टिचकी मारली की लांबवर खणखणणाऱ्या क्रिस्टलमध्ये शिसं असतं, त्यात लोणचं किंवा सरबत भरून ठेवायचं नाही. आवाज बद्द आला तर चीर शोधा. कडेवरून बोटाचं पेर सावकाश फिरवा. डोळ्याला न दिसलेला टवका पेराला लागतो. दुकानात बांगडी मी अशीच तपासते.

सोलापुरात काचेचा खरा वैरी म्हणजे बोअरचं पाणी. फुलदाणीच्या आत पांढरी साय धरते आणि लोक समजतात, काच गेली. आत साधं व्हिनेगर भरून रात्रभर ठेवा. क्षार असले तर निघतात. तरीही दुधी राहिली तर काचच झिजलीय, ती काही सुधारत नाही; त्या हिशोबानं भाव पाडा. सोनेरी कड असलेल्या भांड्याला व्हिनेगर लावू नका, चिंच-राख तर नाहीच नाही.

धुताना प्लास्टिकच्या टबात तळाशी जुना टॉवेल घाला. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून भाजेल असं पाणी येतं. ते थेट गार काचेवर सोडलं तर तडा ठरलेला. आदल्या रात्री बादली भरून ठेवा, काच आणि पाणी एकाच खोलीत मुरू द्या. शेवटचा हात गॅरेजमध्ये मिळणाऱ्या बॅटरीच्या पाण्याचा, म्हणजे डाग राहत नाहीत. मात्र सीलबंद डिस्टिल्ड वॉटरच मागा, ॲसिड नव्हे. कुपीचं बूच अडकलं असेल तर सांध्यावर तेलाचा थेंब सोडून रात्रभर ठेवा. सकाळी लाकडी चमच्यानं हलकेच ठोका, पिळू नका.

मांडणी तुमच्या हौसेनं करा. फक्त पाण्यानं भरलेली गोल फुलदाणी उन्हाच्या खिडकीत नको. ती भिंगासारखं ऊन गोळा करते आणि पडदा जळू शकतो. रस्त्यालगत घर असेल आणि जड गाड्यांनी फळी थरथरत असेल, तर प्रत्येक वस्तूच्या बुडाशी मेणाच्या तीन बारीक गोळ्या चिकटवा.

अमेरिकेतल्या भाच्याच्या बॅगेत आजीची हंडी घालायच्या आधी एक बघा. 1972 च्या कायद्यानं शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू पुरावशेषात मोडते आणि ती खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. भाच्याला गड्ड्यातली नवी द्या.