ऑफिसमधला वजन कमी करण्याचा गट : या चुका टाळा

ऑफिसात वजन कमी करण्यासाठी गट सुरू होणार म्हटलं की पहिल्या मीटिंगला खोली भरून जाते. महिना-दीड महिना उलटला की खुर्च्या रिकाम्या दिसू लागतात. गळलेल्या लोकांना आळशी ठरवणं सोपं आहे, पण ते खरं नाही. मीटिंग जे देऊ शकत नाही त्याची त्यांनी वाट पाहिलेली असते, आणि जे तिथे खरोखर मिळतं ते कुणी दाखवून दिलेलं नसतं. शेजारच्या टेबलावरच्या माणसालाही त्याच वेळी भूक लागते, त्याच उशिरापर्यंतच्या कामाने त्याचंही रात्रीचं जेवण लांबतं. बाहेरच्या कुठल्याही गटात अशी एकसारखी अडचण असलेली माणसं एकत्र सापडत नाहीत. माझ्या मते ऑफिसमधल्या गटाची सगळी ताकद इथे आहे, आणि सगळा धोकाही इथेच आहे.

आधी मीटिंगमध्ये नेमकं काय होतं ते पाहू. साधारण अर्धा ते एक तास. ज्यांना चालेल त्यांचं वजन सुरुवातीला बाजूला घेतात. मग मागचा आठवडा कसा गेला यावर बोलणं, एखादा विषय (पॅकेटवरचं लेबल कसं वाचायचं, झोप, ताण आला की खाणं), आणि शेवटी पुढच्या आठवड्यासाठी प्रत्येकाचं काहीतरी ठरवणं. हा साचा जुना आहे. १९६१ साली न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात जीन निडेच या गृहिणीने मैत्रिणींना घरी बोलावून आठवड्याच्या अशा बैठका सुरू केल्या, आणि त्यातूनच १९६३ मध्ये वेट वॉचर्स ही कंपनी उभी राहिली. त्या बैठकांचा गाभा सारख्याच अडचणीत असलेल्या माणसांनी एकमेकांशी मोकळेपणाने बोलणं हा होता. व्याख्यान ऐकायला मिळेल या अपेक्षेने जाणारा माणूस म्हणूनच लवकर कंटाळतो.

मीटिंगला गेलं की वजन उतरेल, ही समजूत

किती उतरतं याचा अंदाज आधीच असलेला बरा. २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात इंग्लंडमधल्या १,२६७ जणांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. एका तुकडीला थोडासा सल्ला आणि पुस्तिका दिली, दुसरीला १२ आठवडे गटात पाठवलं, तिसरीला ५२ आठवडे. वर्षाअखेर सरासरी घट अनुक्रमे ३.२६, ४.७५ आणि ६.७६ किलो निघाली. दोन वर्षांनी पाहिलं तेव्हा तिन्ही तुकड्यांत थोडं वजन परत आलं होतं, तरी वर्षभर गटात गेलेले पुढेच होते. या आकड्यांतून मला दोन गोष्टी दिसतात. तीन महिन्यांत पंधरा किलोची आशा धरून गेलात तर चांगला चाललेला गटही तुम्हाला अपयशी वाटेल. आणि गटात किती काळ टिकता याने खरोखर फरक पडतो.

नुसती माहिती मात्र पुरत नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीच्या १६० ठिकाणच्या जवळपास ३३ हजार कर्मचाऱ्यांचा अभ्यास २०१९ मध्ये जामा या नियतकालिकात आला. त्यातल्या काही ठिकाणी आहार, व्यायाम, ताण अशा विषयांचा आरोग्य कार्यक्रम राबवला होता. दीड वर्षानंतर तिथले कर्मचारी आपण जास्त व्यायाम करतो, वजनाकडे लक्ष देतो असं सांगत होते. पण वजन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल या मोजता येणाऱ्या गोष्टींत इतर ठिकाणांपेक्षा लक्षणीय फरक दिसला नाही. म्हणून तुमच्या ऑफिसातली मीटिंग फक्त स्लाइड दाखवून संपत असेल तर तसं स्पष्ट बोला. दर आठवड्याला प्रत्येकाने काय केलं आणि काय अडलं हे विचारलं जात नसेल, तर त्याला गट म्हणता येणार नाही.

वजन वाढलं म्हणून दांडी मारणं

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक हीच, म्हणून तिच्यावर थोडं थांबतो.

काट्यावर दिसतं त्यात चरबीखेरीज पाणी असतं, पोटातलं अन्न असतं, स्नायू आणि यकृतात साठवलेलं ग्लायकोजेन (शरीराने राखून ठेवलेली साखर) असतं. एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी धरून ठेवलं जातं. खाणं कमी केल्यावर हा साठा आधी उतरतो, त्यामुळे पहिल्या आठवड्यात काटा झपाट्याने खाली येतो आणि मंडळी हुरळून जातात. खारट जेवण झालं, पाळी जवळ आली, नवा व्यायाम सुरू करून अंग दुखायला लागलं, की पाणी धरलं जातं आणि काटा वर जातो. एका दिवसात किलो-दीड किलोचा फरक पडणं अगदी सामान्य आहे. एक किलो चरबी म्हणजे अंदाजे ७,७०० कॅलरी. एका रात्रीच्या जेवणाने किलोभर चरबी चढत नाही, हे एवढ्यावरूनच कळतं.

तरीही काटा वर गेला की माणूस कानकोंडा होतो आणि त्या आठवड्याची मीटिंग चुकवतो. पुढच्या आठवड्यात दोन मीटिंगचं ओझं वाटतं, मग तीही चुकते, आणि हळूहळू नावच गळतं. पण ज्या आठवड्यात बिघडलं त्याच आठवड्यात गटाकडे सांगण्यासारखं आणि ऐकण्यासारखं सर्वांत जास्त असतं. कुठल्या दिवशी, किती वाजता, काय झाल्यावर ठरलेलं मोडलं? उत्तर बहुधा ऑफिसातच सापडतं आणि ते आणखी चौघांचंही असतं. ज्याला काट्याचीच धास्ती वाटते त्याने वजन न करता बसावं, पण बसावं. वजन करायचं असेल तर तोच काटा, तीच वेळ, साधारण तसेच कपडे, आणि एका आकड्यापेक्षा चार आठवड्यांचा कल पाहावा.

पहिल्याच दिवशी गुप्ततेचे नियम न ठरवणं

बाहेरच्या गटात तुमचं वजन अनोळखी लोकांना कळतं. इथे ते तुमच्या वरिष्ठांना, तुमच्या हाताखालच्यांना आणि उद्या बढतीच्या मुलाखतीत समोर बसणाऱ्यांना कळू शकतं. हा प्रश्न मनाला लावून घेण्याइतका मोठा आहे आणि तो संकोचापोटी कुणी विचारत नाही.

नाव नोंदवण्यापूर्वी विचारून घ्या : वजनाचे आकडे कोण लिहून ठेवतं? कागदावर की कंपनीच्या संगणकावर? ते मनुष्यबळ विभागाला दिसतात का? बाहेरची संस्था गट चालवत असेल तर ती कंपनीला काय कळवते, नावानिशी की फक्त एकत्रित आकडे? मध्येच सोडलं तर आपली माहिती पुसली जाईल का? यांची सरळ उत्तरं मिळत नसतील तर वजन घरीच करा आणि गटात फक्त चर्चेला बसा. तसं करायला मनाई असेल तर त्या गटात न जाणं मला योग्य वाटतं. भिंतीवर नावांसह तक्ता लावणं तर कुठल्याही कारणाने खपवून घेऊ नये, मग त्यातलं तुमचं नाव सर्वांत वर का असेना.

साहेब गटात असावेत का? येण्याचा हक्क त्यांनाही आहे. पण त्यांच्यासमोर 'कामाच्या ताणाने मी रात्री खातो' हे वाक्य कुणी उच्चारणार नाही. शक्य असेल तिथे वेगवेगळ्या विभागांतली माणसं एकत्र आणावीत आणि थेट वरिष्ठ व त्यांच्या हाताखालची माणसं एका गटात बसवू नयेत.

शरीरावरची शेरेबाजीही इथेच थांबवायची. जेवताना सहकाऱ्याच्या ताटाकडे पाहून 'हे चालतं का तुला?' म्हणणं बंद. 'किती बारीक झालीस!' हे कौतुकसुद्धा जपून. वजन आजारपणाने किंवा दुःखानेही उतरतं, आणि बोलणाऱ्याला त्याची कल्पना नसते.

शर्यत लावणं

'तीन महिन्यांत सर्वांत जास्त किलो घटवणाऱ्याला बक्षीस' ही कल्पना उत्साहात निघते. परिणाम ठरलेला : शेवटच्या आठवड्यात लोक पाणी तोडतात, जेवण टाळतात, आणि बक्षीस वाटल्यावर पहिले पाढे पंचावन्न. पैशाने तात्पुरता परिणाम होतो यात शंका नाही. २००८ साली जामामध्ये आलेल्या ५७ जणांवरच्या एका प्रयोगात आर्थिक प्रलोभन मिळालेल्यांचं वजन १६ आठवड्यांत सुमारे ६ किलोने उतरलं, इतरांचं २ किलोहूनही कमी. पण सुरुवातीपासून सातव्या महिन्यात पुन्हा पाहिलं तर उतरलेलं बरंचसं वजन परत चढलं होतं आणि गटांमधला फरक लक्षणीय उरला नव्हता. बक्षीस द्यायचंच असेल तर हजेरीला द्या, चालण्याच्या दिवसांना द्या. ते कुणाच्याही हातात असतं, काटा नसतो.

औषधांचं न सांगता खाणं कमी करणं

इथे मात्र चुकीला जागा नाही. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या (ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड) घेणाऱ्याने जेवण एकदम कमी केलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्याला वजन उतरत गेलं की उभं राहताना चक्कर येऊ शकते, डोस बदलावा लागू शकतो. आहार बदलण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोला. स्टिरॉइड, काही मानसिक आजारांवरची औषधं यांनी वजन वाढतं. अशा माणसाने इतरांशी तुलना करून स्वतःला दोष देऊ नये, आणि औषध स्वतःच्या मनाने तर मुळीच बंद करू नये. गरोदर स्त्रिया आणि पूर्वी खाण्याचे विकार झालेल्या व्यक्ती यांच्यासाठी हे गट नाहीत. त्यांना आग्रह करू नका.

गट चालवणारी व्यक्ती पावडर किंवा गोळ्या विकू लागली तर लगेच तक्रार करा.

ऑफिस जसंच्या तसं ठेवणं

गटातली माणसं मनाशी निर्धार करतात, आणि त्याच खोलीत दुपारी तीनच्या मीटिंगला टेबलावर बिस्किटांची बशी येते. निर्धार रोज लढायला लागला की थकतो. एकट्या माणसाने 'बिस्किटं नकोत' म्हटलं तर तो विक्षिप्त ठरतो. पंधरा जणांनी एकत्र सांगितलं तर बशी बदलते. बाहेरचा कुठलाही गट हे करू शकत नाही, आणि तरीही ऑफिसमधले गट याकडे सर्वांत कमी लक्ष देतात.

दर महिन्याला एकच मागणी ठरवून प्रशासनाकडे न्या. कॅन्टीनमध्ये अर्ध्या मापाचं ताट मिळावं. जेवणाच्या वेळेत मीटिंग ठेवू नये. जिन्यात दिवे लावावेत म्हणजे लोक लिफ्ट सोडतील. उशिरा थांबणाऱ्यांसाठी वेंडिंग मशीनखेरीज काहीतरी धड खायची सोय असावी. वाढदिवस महिन्यातून एकदा एकत्र साजरे व्हावेत, म्हणजे दर दोन दिवसांनी केक कापला जाणार नाही. मागणी लहान, नेमकी आणि लेखी असावी. यातल्या दोन जरी मान्य झाल्या तरी गटात नसलेल्यांचाही फायदा होतो, आणि गटाकडे पाहण्याची ऑफिसची नजर बदलते.

अडलं तर

वजन तीन-चार आठवडे हलत नसेल तर घाबरू नका. हलकं झालेलं शरीर कमी ऊर्जा खर्च करतं, आणि खाण्याचं माप आपल्या नकळत पुन्हा वाढलेलं असतं. एक आठवडा तोंडात जाणारी प्रत्येक गोष्ट लिहा, चहा-कॉफीतल्या साखरेसह. कंबर मोजा. काटा थांबलेला असतानाही ती कमी झालेली असू शकते. सुरुवातीच्या वजनाच्या ५ टक्के घट टिकली तरी रक्तदाब आणि साखरेत सुधारणा दिसू लागते, म्हणून थांबलेल्या जागी टिकून राहणं हेही काम झालंच.

एकच माणूस बोलत राहतो? प्रत्येकाला दोन मिनिटं, घड्याळ लावून. कामाच्या शिफ्टमुळे मीटिंग चुकते? त्याच शिफ्टमधले तिघे-चौघे मिळून वेगळी वेळ काढा, मोठ्या गटाची वाट पाहू नका. ठरवलेलं पाळलं जात नाही? मग ठरवलेलं मोघम असणार. 'कमी खाईन' सोडून 'मंगळवारी आणि गुरुवारी कामावरून सुटल्यावर घरी जाण्याआधी वीस मिनिटं चालेन' असं लिहा आणि कुणाबरोबर तेही लिहा.

आणि कार्यक्रम संपत आला असेल तर शेवटच्या मीटिंगपर्यंत थांबू नका. दोन आठवडे आधीच पुढच्या सहा महिन्यांच्या तारखा ठरवून टाका. अमेरिकेतला मधुमेह टाळण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम पहिल्या सहा महिन्यांत किमान १६ बैठका घेतो आणि पुढचे सहा महिने निदान महिन्यातून एकदा भेटतो. तुमच्याकडे प्रशिक्षक नसेल, कंपनीचा निधी संपला असेल, तरी महिन्यातून अर्धा तास एक खोली आणि मागच्या महिन्यात काय जमलं, काय अडलं, हे विचारणारा एक माणूस एवढ्यावर ते चालवता येतं. हे विचारायचं काम पाळीपाळीने वाटून घ्या आणि पहिलं नाव त्याच दिवशी लिहून ठेवा.